टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलूनही ऑइल पुन्हा गळतंय? आधी ब्रिदर पाइप बघा

कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर बसवला, गाडीचा आवाज भारदस्त झाला आणि दोन महिन्यांत टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या कडेनं ऑइल पाझरायला लागलं. पॅकिंग बदललं, कव्हर कोरडं झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा ओलं. मग क्रँकचं मागचं सील गेलं. मग कुणीतरी ऑइलचं झाकण उघडतं, आतून फुरफुरणारा धूर बघतं आणि सांगतं, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल," म्हणजे इंजिन अर्धं खोलून रिंगा बदलाव्या लागतील. या साखळीत तुम्ही कुठेही अडकला असाल, तर इंजिन खोलायला देण्याआधी हे वाचा. मी त्यातून दीड वर्ष गेलोय. दोष शेवटी सापडला तो अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका रबरी नळीत.

माझी गाडी १.३ लिटरची, पेट्रोलवर चालणारी. कऱ्हाडहून चिपळूणला महिन्यातून दोन खेपा ठरलेल्या. जाताना कुंभार्ली घाट उतरायचा, येताना पोफळीपासून चढायचा. गळती नेहमी परतीच्या प्रवासानंतर दिसायची. घाट चढून हेळवाकला चहाला थांबलो की बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास. कऱ्हाडात आठवडाभर गाडी फिरवली तर एक थेंब नाही. हा फरक मी सुरुवातीलाच गांभीर्यानं घ्यायला हवा होता. सील किंवा पॅकिंग नुसतंच जुनं झालं असेल तर ते सपाटीवरही गळतं. फक्त जोर लागल्यावर गळतंय, म्हणजे आतून कुणीतरी ढकलतंय.

झालं होतं असं. कंपनीचा फिल्टरचा डबा काढून त्याजागी अ‍ॅल्युमिनियमचा सरळ पाइप आणि टोकाला कोन फिल्टर बसवला होता. मूळ पाइपला एक छोटा फाटा होता, तिथून एक रबरी नळी टॅपेट कव्हरकडे जायची. हाच ब्रिदर पाइप. नव्या पाइपला तो फाटाच नव्हता. बसवणाऱ्यानं नळीच्या तोंडात बोल्ट सारला, वरून होज क्लिप आवळली आणि म्हणाला, "हिचं काही काम नसतं." मीही मान डोलावली.

त्या नळीचं काम काय, ते नीट समजून घेऊ. बाकी सगळं निदान त्यावरच उभं आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटाच्या दाबाचा थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात उतरतोच. नव्या कोऱ्या इंजिनातही उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, जळून झालेला धूर असतो आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडं खाली ऑइलकडेही येतं. हे सगळं बाहेर काढलं नाही तर दोन गोष्टी होतात. इंजिनाच्या पोटात दाब वाढतो, आणि पाणी, आम्ल व पेट्रोल मिळून ऑइलचा चिखल होतो.

पूर्वी क्रँककेसमधून एक उघडा पाइप सरळ रस्त्याकडे सोडलेला असायचा. धूर जाई वाऱ्यावर. गाडीतून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा या एका पाइपातून जातो हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून ही पद्धत बदलली. धूर पुन्हा इंजिनाच्याच तोंडात देऊन जाळायचा. तेव्हापासून आजवर पेट्रोल गाडीत मूळ मांडणी तीच आहे.

या मांडणीत दोन वाटा असतात. पहिली वाट टॅपेट कव्हरपासून पीसीव्ही वॉल्व्हमधून (क्रँककेसमधला धूर एकाच दिशेनं सोडणारी छोटी झडप) थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) पुढे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत जाते. आयडलिंगला आणि सावकाश चालवताना मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ असते, ती क्रँककेसमधला धूर खेचून घेते. पण खेचायचं तर दुसरीकडून हवा आत यायला हवी. ती येते दुसऱ्या वाटेनं, म्हणजे फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपातून टॅपेट कव्हरला येणाऱ्या नळीतून. ही गाळलेली ताजी हवा. ती इंजिनाच्या पोटातून फिरते, वाफ उचलते आणि पीसीव्हीतून बाहेर पडते. घराच्या दोन बाजूंच्या खिडक्या उघडल्यावर वारा खेळतो, तसं.

आता घाटात या. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, थ्रॉटल सताड उघडा. मॅनिफोल्डमधली ओढ जवळजवळ शून्य. पीसीव्ही उघडा असला तरी त्याला खेचणारं कुणी नाही, आणि ब्लो-बाय मात्र सर्वांत जास्त याच वेळी. तेव्हा दुसऱ्या वाटेचा प्रवाह उलटतो. जिथून ताजी हवा आत येत होती, तिथूनच धूर बाहेर पडून इनटेक पाइपात जातो. म्हणून ती नळी दोन्ही बाजूंनी वाहती असते. तिच्यात बोल्ट सारला की घाटात धुराला जायला जागाच उरत नाही.

त्या दाबाचा हिशेब करून बघा. क्रँककेसमध्ये ५० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब झाला असं धरा. हा काही मोठा दाब नव्हे, पूर्ण जोरानं फुंकलं तर तोंडानं त्याहून जास्त लावू शकतो आपण. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅम. टॅपेट कव्हर ४० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे कव्हर आतून ३० किलोच्या जोरानं उचललं जातंय, आणि त्याला धरून आहेत थोडेसे बोल्ट आणि एक रबरी पॅकिंग. तोच दाब क्रँकच्या सीलच्या ओठावर, डिपस्टिकवर आणि डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याच्या ओ-रिंगवरही. जे सर्वांत कच्चं असेल ते आधी गळतं. एक बदललं की दुसरं गळतं. माझ्याकडे आधी कव्हर गेलं, मग पुन्हा कव्हर, मग गिअरबॉक्स उतरवून मागचं सील. हेळवाकला एकदा बॉनेट उघडलं तर डिपस्टिक जागेवरून अर्धा इंच वर आलेली होती आणि तिच्या मुठीभोवती ताजं ऑइल चमकत होतं. मला खरं उत्तर तिनं दिलं.

आयडलिंगला याच्या बरोबर उलट होतं. ताज्या हवेची वाट बंद, पण पीसीव्ही खेचतच असतो. मग क्रँककेसमध्ये गरजेपेक्षा जास्त ओढ तयार होते आणि सीलच्या ओठाखालून हवा धूळ घेऊन आत शिरते. कधी कधी याची बारीक शिटी ऐकू येते. ऑइलचं झाकण सैल केलं की ती थांबते. कुठे शिटी वाजतेय हे शोधताना लोक बेल्ट आणि बेअरिंग बदलत बसतात.

दुसऱ्या गॅरेजमध्ये बोल्ट काढून टॅपेट कव्हरच्या तोंडावर अंड्याएवढा छोटा फिल्टर बसवून दिला. बाजारात हे सर्रास मिळतात, दिसायलाही छान. गळती थांबली, आणि मला वाटलं सुटलो. हा उपाय निम्मा बरोबर असल्यामुळेच फसवतो. दाब बाहेर पडतो हे खरं, पण धूर बॉनेटमध्ये सुटतो आणि वायपरखालच्या जाळीतून केबिनमध्ये येतो. सिग्नलला उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे, मागे बसलेल्या आईला मळमळायचं. त्या धुरात न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड असतं, त्यामुळे ही नुसत्या वासाची तक्रार म्हणून सोडून देऊ नका. पीयूसीत हे पकडलं जात नाही, कारण नळी सायलेन्सरमध्येच घालतात. शिवाय आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना धुळीचे लोट असतात. आयडलिंगला तो छोटा फिल्टर हवा आत घेतो, धूळ त्याच्या ऑइलनं ओल्या झालेल्या जाळीवर बसते आणि तिचं काळं लिंपण होतं. पावसाळ्यापर्यंत फिल्टर इतका बुजला की तोंड लावून फुंकर मारली तरी हवा पार जाईना. म्हणजे पुन्हा बोल्टच बसला, फक्त हळूहळू. श्रावणात मागचं सील दुसऱ्यांदा गळलं.

ज्यांच्या गाडीत हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे त्यांना याच छोट्या फिल्टरमुळे आणखी एक दुखणं लागतं. पीसीव्हीतून जाणारी हवा आता सेन्सरला न भेटता आत येते. कॉम्प्युटर समजतो हवा कमी आहे, पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण पातळ होतं. आयडलिंग डगमगतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर बहुतेक वेळा पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड दिसतो. माझ्या गाडीत मॅप सेन्सर आहे. तो मॅनिफोल्डमधला दाबच मोजतो, त्यामुळे कोड कधी आलाच नाही. दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक आहे, असा अर्थ इथे काढू नका.

तिसरा प्रकार म्हणजे पीसीव्हीही काढून टाकायचा, मॅनिफोल्डचं तोंड टोपीनं बंद करायचं आणि दोन्ही नळ्या हवेत सोडायच्या. रेसच्या गाडीत चालतं, कारण तिचं ऑइल दर थोड्या तासांनी बदलतात. घर ते ऑफिस चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पोटातून हवा फिरणंच थांबतं. कोकणात पावसाळ्यात अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडा, आत ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर दिसेल. हा थर दिसला की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. कूलंट कमी होत नसेल आणि गाडी फक्त छोट्या फेऱ्या करत असेल, तर आधी वायुविजन तपासा.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्वस्त आणि सोप्या चाचण्या आधी केल्या तर महागड्या लागतच नाहीत.

इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा. ऑइलचं झाकण काढून तोंडावर वहीचा कागद धरा. कागद हलकेच चिकटून राहिला तर ठीक. तो उडत असेल तर दाब आहे. खोल आत ओढला जात असेल तर ताज्या हवेची वाट बंद आहे. काही इंजिनांत झाकण काढल्यावर आतून ऑइल उडतं, म्हणून कागदाऐवजी पातळ रबरी हातमोजा तोंडावर ताणून धरणं बरं. माझ्या गाडीत बोल्ट असताना मोज्याची पाचही बोटं आत गेली होती.

मग पीसीव्ही. तो कव्हरमधून उपटा आणि चालू इंजिनात त्याच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे आणि आरपीएम किंचित उतरला पाहिजे. इंजिन बंद करून कानाजवळ हलवा, खडखड ऐकू यायला हवी. खडखडतो म्हणजे चांगलाच आहे असं नाही, आतली स्प्रिंग थकलेली असू शकते. पण अजिबात वाजत नसेल तर तो चिकटलाय हे नक्की. किंमत इतकी कमी असते की शंका असली तरी बदलावा. बसवताना दिशा बघा. उलटा बसवला तर मॅनिफोल्डची ओढच त्याला बंद करते आणि आयडलिंगचं सगळं खेचणं थांबतं.

मला सर्वांत उपयोगी पडलेली चाचणी मात्र गवंड्याच्या लेव्हल पाइपची. तीच ती पारदर्शक नळी, पाणी भरून भिंतीची लेव्हल काढतात ती. दोन मीटर नळी घ्या, यू आकारात पुठ्ठ्यावर चिकटवा, निम्मी पाण्यानं भरा. एक टोक उघडं, दुसरं डिपस्टिक काढून तिच्या नळीला घट्ट जोडा. मध्ये एक रिकामी बाटली मात्र जरूर घाला, बुचातून दोन नळ्या काढून. आत ओढ जास्त निघाली तर पाणी बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. कागदाच्या चाचणीत जोराची ओढ दिसली असेल तर ती आधी दुरुस्त करा, तोवर ही नळी जोडूच नका. नळी एक्झॉस्टपासून लांब ठेवा, खिडकीतून आत घ्या आणि वाचायला शेजारी कुणालातरी बसवा. चालवणाऱ्यानं पुठ्ठ्याकडे बघायचं नाही. घाटात तर नाहीच.

माझ्याबरोबर भाचा बसला होता. बुजलेल्या छोट्या फिल्टरसह पोफळीचा चढ, दुसरा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर: पाणी एका बाजूनं खाली आणि दुसऱ्या बाजूनं वर जात दोन पातळ्यांत २२ सेंटिमीटरचा फरक. गाडी बाजूला घेतली, फिल्टर काढला, तोच चढ पुन्हा: ३ सेंटिमीटर. इंजिन तेच, रिंगा त्याच. फिल्टरचं काढणं-घालणं सोडून काहीच बदललं नव्हतं. त्यानंतर मी कुणालाही हाफ इंजिनबद्दल बोलू दिलं नाही.

रिंगांची शंका तरीही फेडून घ्यायला हवीच, कारण कधी कधी ती खरी असते. सगळ्या वाटा मोकळ्या असूनही नळीत दाब दिसत असेल तर कॉम्प्रेशन बघा. माझं चारही सिलिंडरचं १२ किलोच्या आसपास आणि जवळपास सारखं आलं. त्याहून विश्वासाची चाचणी म्हणजे लीक-डाउन. सिलिंडरमध्ये हवा भरून किती निसटते आणि कुठून ते ऐकायचं. ऑइलच्या तोंडातून सूं सूं येत असेल आणि गळती २० टक्क्यांपुढे असेल, तर रिंगांचं किंवा बोअरचं काम आहे. तिथे कुठलीही नळी उपयोगाची नाही.

दुरुस्ती साधी आहे, पण बारकाव्यांनी करावी लागते. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप गाडीवरून पूर्ण काढा. जागेवरच भोक पाडायचा मोह टाळा, एक बारीक कीस थ्रॉटलमधून आत गेला तर सिलिंडरला ओरखडा पडतो. मूळ फाट्याच्याच आतल्या व्यासाची नळकांडी आर्गन वेल्डिंगनं बसवून घ्या. बाहेरचा व्यास सारखा आणि आतून बारीक, अशी नळकांडी नको. जागा फिल्टरच्या पुढे आणि थ्रॉटलच्या अलीकडे. मॅफ असेल तर त्याच्याही पुढे आणि शक्य तितकी लांब, नाहीतर ऑइलची वाफ सेन्सरच्या तारेवर बसते. नळकांडीचं आतलं तोंड हवेच्या प्रवाहाला सामोरं येता कामा नये. तिरकं कापून प्रवाहाकडे पाठ केलेलं असावं, म्हणजे वाहती हवा धूर ओढते. समोर तोंड असेल तर उलट ढकलते.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कंपनीच्या फिल्टरमागे पूर्ण जोरात असताना थोडी ओढ तयार होते, कारण फिल्टर हवेला अडवतो. घाटात ब्रिदरमधून धूर खेचायला तीच ओढ मदत करत असते. मोकळा फिल्टर लावला की ती कमी होते. म्हणून मोकळ्या इनटेकला मूळपेक्षा बारीक ब्रिदर नळी कधीच चालत नाही, आणि थोडी मोठी असली तर बिघडत नाही.

नळी नायट्राइल रबरची, ऑइलला टिकणारी घ्या. पाण्याची पीव्हीसी नळी गरम होऊन चपटी होते, मग थंड होऊन तशीच कडक होते. रंगीत सिलिकॉनची नळी दिसते सुंदर, पण आतून अस्तर नसेल तर ऑइल पिऊन फुगते आणि घामेजते. नळीला मध्ये झोळ नको. झोळात ऑइल आणि पाणी साचून बूच बसतं. टॅपेट कव्हरपासून ती सतत चढती असावी, म्हणजे थिजलेलं ऑइल परत इंजिनात उतरतं.

इनटेकमध्ये ऑइल जातं म्हणून कॅच कॅन, म्हणजे धुरातलं ऑइल अडवून साठवणारा डबा लावायचा विचार असेल तर लावा, मी नको म्हणणार नाही. ऑइलची वाफ पेट्रोलमध्ये मिसळली की इंजिन लवकर नॉकिंग करतं, आणि थ्रॉटल बॉडी तर काळी होतेच. पण कॅन बंद असावा, आत जाळी किंवा आडपडदे असावेत, आणि तो असलेल्या नळीच्या मध्ये जोडावा. डोक्यावर छोटा फिल्टर असलेला कॅन म्हणजे पुन्हा तीच उघडी वाट. महिन्यातून एकदा रिकामा करायचा. भरला की तो सगळा ऐवज एका वळणावर इनटेकमध्ये ओततो. दोन हजार किलोमीटरमध्ये वाटीभर ऑइल साचत असेल तर पुन्हा लीक-डाउनकडे जा.

टर्बो पेट्रोलमध्ये भर एवढीच, की बूस्ट आल्यावर मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब असतो. पीसीव्हीच्या वाटेवरचा चेक वॉल्व्ह, म्हणजे उलटा प्रवाह अडवणारी झडप सडली तर तो दाब सरळ क्रँककेसमध्ये शिरतो, आणि डिपस्टिक सपाटीवरच उडते. डिझेलला सहसा असा पीसीव्हीच नसतो, ब्रिदर थेट टर्बोच्या तोंडाशी जातो. तिथे ऑइल साचू देणं जिवावरचं आहे. डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून पिऊन चावी बंद केली तरी रेस होत राहतं. डिझेलच्या ब्रिदरची मांडणी हौसेनं बदलू नका.

आणि कोन फिल्टरची अशी किट बसवायला जात असाल तर दुकानात पाइप हातात घेऊन फाटा आहे का, तो कुठे आहे आणि त्याचं आतलं तोंड किती, एवढं आधी बघा. फाटा नसलेला पाइप तुमच्या इंजिनासाठी बनवलेलाच नाही.

माझ्या गाडीला नळकांडी वेल्ड केली, नवी नळी आणि नवा पीसीव्ही घातला, थ्रॉटल बॉडी धुतली, ऑइल बदललं आणि जुनंच टॅपेट कव्हर नव्या पॅकिंगनं बसवलं. पाचशे किलोमीटरनंतर होज क्लिप पुन्हा आवळली, कारण नवी नळी बसते तशी ती सैल होते. लेव्हल पाइप पुन्हा जोडली. आयडलिंगला ४ सेंटिमीटर ओढ, पोफळीच्या चढावर पूर्ण जोरात पाणी दोन्हीकडे सारखं. हेळवाकला बॉनेट उघडून कव्हरच्या कडेवरून पांढरं फडकं फिरवलं. धूळ लागली, ती कोरडी होती.